एका हेक्टर उसाचा ऊर्जेचा हिशेब: प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर २०२४

राज्यात गळीत हंगामाची तारीख आजची, म्हणून आमच्या प्रकल्पाचा श्रीगणेशाही आजच. शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आणि मी. विषय एका ओळीत सांगायचा तर: महाराष्ट्रातल्या एक हेक्टर उसापासून थेट रसाचं इथेनॉल केलं, तर त्यात आलेली ऊर्जा आणि ते बनवताना खर्ची पडलेली खनिज ऊर्जा यांचं गुणोत्तर किती?

ऑक्टोबरमध्ये संपलेल्या पुरवठा वर्षात देशभर पेट्रोलमध्ये सरासरी १४.६ टक्के इथेनॉल मिसळलं गेलं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० साल ठरलं होतं, ते २०२२ मध्ये अलीकडे ओढून २०२५-२६ केलं. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल चर्चा मात्र दोनच प्रश्नांभोवती फिरते: गाडीचं ॲव्हरेज पडतं का, आणि कारखान्याला दर किती मिळतो. मला त्याच्या आधीचा प्रश्न हवा आहे.

ठरवलेली गृहीतकं: ‘सुरू’ हंगामाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होणारी) लागण, बेणं वजा जाता हेक्टरी ८० टन, टनाला ७० लिटर. म्हणजे ५,६०० लिटर. इथेनॉलच्या लिटरमध्ये २१.२ मेगाज्यूल (पेट्रोलमध्ये सुमारे ३२). एकूण आवक ११८.७ गिगाज्यूल (एक गिगाज्यूल म्हणजे हजार मेगाज्यूल). ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची एकेक ओळ भरायची.

२१ नोव्हेंबर

खतांपासून सुरुवात केली. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. आपल्याकडच्या शेती-ऊर्जा अभ्यासांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे गुणक (एक किलो बनवायला लागणारी ऊर्जा) असे: नत्र किलोला ६०.६ मेगाज्यूल, स्फुरद ११.१, पालाश ६.७. बेरीज १७.२ गिगाज्यूल आणि त्यातले १५ पेक्षा जास्त एकट्या नत्राचे.

नत्राचं हे वजन मुलांच्या पचनी पडेना, म्हणून गोणीत मांडून दाखवलं. सगळं नत्र युरियातून दिलं तर ४५ किलोच्या बारा गोण्या. एका गोणीत २०.७ किलो नत्र, म्हणजे सुमारे १,२५० मेगाज्यूल. इतकी ऊर्जा ५९ लिटर इथेनॉलमध्ये असते. शेतकरी २६६ रुपये ५० पैशांना जी गोणी उचलतो, ती बनवायला एवढा नैसर्गिक वायू लागतो. हवेतला नायट्रोजन तोडून अमोनिया करायचा तर हायड्रोजन लागतो, आणि तो हायड्रोजन येतो वायूतून.

गुणक जुना आहे हे खरं. आजच्या चांगल्या युरिया प्रकल्पांत किलो नत्रामागे पन्नासच्या आसपास मेगाज्यूल पुरतात. तरी ६०.६ च ठेवला, म्हणजे इतर अभ्यासांशी तुलना करता येईल.

दुपारी माहुल रोडने परत आले. एका बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, पलीकडे आरसीएफचा खत प्रकल्प. जिथे इथेनॉलचे टँकर रिकामे होतात, तिथून हाकेच्या अंतरावर अमोनिया बनतो. आमच्या हिशेबाची दोन्ही टोकं चेंबूरमध्येच आहेत, आणि मधला सगळा भाग मात्र चारशे किलोमीटर दूर, कृष्णा-पंचगंगेच्या काठी.

३ डिसेंबर

आज प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन. परवान्यातलं अल्कोहोल पाण्यात मिसळून ८ टक्क्यांचं दोन लिटर ‘वॉश’ केलं आणि हीटिंग मँटलच्या प्लगला युनिट मोजणारा मीटर लावला. पहिल्या फेरीत अर्धा लिटर कमजोर ऊर्ध्वपातित, मग छोट्या स्तंभातून दुसरी फेरी. दोन्हींची मिळून वीज ०.९ युनिट, म्हणजे ३.२ मेगाज्यूल. हातात आलेल्या अल्कोहोलमधली ऊर्जा ३.१.

मीटरचा आकडा आणि अल्कोहोलचा आकडा शेजारी शेजारी लिहिल्यावर दोघंही गप्प झाले. मी त्यांना मुद्दाम लगेच काही सांगितलं नाही. मग १२ टक्क्यांचं वॉश घेतलं: वीज १ युनिट (३.६ मेगाज्यूल), अल्कोहोलमध्ये ४.८. अल्कोहोल दीडपट झालं, वीज जेमतेम वाढली. कारण फ्लास्कमधलं बहुतेक सगळं पाणीच असतं आणि तापवायचं ते पाणी. मग एकाने स्वतःच विचारलं, “मॅडम, म्हणजे यीस्टला जास्त अल्कोहोल सहन होणं हीसुद्धा ऊर्जाबचतच की?” अगदी बरोबर. डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाकीत मिळालेला एकेक टक्का पुढे बॉयलरवर वाचतो.

आमचं काचेचं भांडं सगळीकडून उष्णता सांडतं. चांगल्या डिस्टिलरीत एका स्तंभाची वाफ दुसऱ्याला देतात, लिटरमागे अडीच-तीन किलो वाफेत भागतं. ते धरा सहा-सात मेगाज्यूल. शिवाय वजनाने ९५.६ टक्क्यांवर अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात. पुढचं पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही, त्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह (पाणी धरून ठेवणारे सच्छिद्र दाणे) लागतात. गाडीत घालायच्या इथेनॉलला तीही पायरी आहेच.

१० डिसेंबर

वाहतुकीची ओळ. माहुलजवळ टँकर थांबतात तिथे चहाच्या टपरीवर कोल्हापूरकडून आलेल्या एका ड्रायव्हरदादांशी बोलले. “भरून येताना तीनचं ॲव्हरेज, रिकामी जाताना चार. घाटात काय विचारू नका.” सरासरी साडेतीन धरली, जाऊन-येऊन ७६० किलोमीटर, टँकर २५ हजार लिटरचा. डिझेल सुमारे २१७ लिटर. डिझेलचा प्रचलित गुणक (वंगणाचा वाटा धरून) ५६.३१ मेगाज्यूल. लिटर इथेनॉलमागे ०.४९ मेगाज्यूल, हेक्टरमागे २.७ गिगाज्यूल.

वर्गात मत घेतलं होतं तेव्हा बहुतेकांना ही ओळ सगळ्यात जड वाटत होती, कारण टँकर डोळ्यांना दिसतो. ती इथेनॉलमधल्या ऊर्जेच्या जेमतेम सव्वादोन टक्के आहे.

१३ डिसेंबर

नांगरट, सरी, बांधणी आणि कारखान्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली: सगळं मिळून हेक्टरी २०० लिटर डिझेल धरलं. ११.३ गिगाज्यूल. तणनाशकं, कीटकनाशकं १ गिगाज्यूल.

मजुरीपाशी मात्र अडखळले. कोष्टकात पुरुषाच्या तासाला १.९६ मेगाज्यूल आणि बाईच्या तासाला १.५७. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडकडून आलेल्या या जोडीत तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. आणि कोष्टक म्हणतं तिचं काम त्याच्या चार-पंचमांश. खनिज ऊर्जेच्या हिशेबात माणसांचे कष्ट धरतच नाहीत, त्यामुळे आमच्या गुणोत्तरात हा आकडा येणार नाही. पण अहवालात मी ही ओळ ठेवणार आहे आणि दोघांना एकच गुणक देणार आहे. उगाच वगळलेली गोष्ट आणि ठरवून वगळलेली गोष्ट यांत फरक असतो, तो वाचणाऱ्याला दिसला पाहिजे.

१९ डिसेंबर

बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा. उसाच्या गोष्टीतलं खरं इंगित इथे आहे.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो ओलं बगॅस निघतं. पन्नास टक्के ओलाव्याला किलोमागे सुमारे ७.५ मेगाज्यूल, म्हणजे टनाला २,१०० मेगाज्यूल. त्याच टनातून निघणाऱ्या ७० लिटर इथेनॉलमध्ये १,४८४. म्हणजे जे आपण जाळून टाकतो त्यातली ऊर्जा, जे विकतो त्याहून जास्त! रोलर चालवायचे, रस तापवायचा, ऊर्ध्वपातन करायचं, सीव्ह चालवायच्या, सगळं या बगॅसवर भागतं आणि वर वीज विकायला उरते. हे बगॅस ‘खर्च’ म्हणून लिहिलं तर उसाचं इथेनॉल सरळ तोट्यात जाईल. पण ते त्याच शेतात, त्याच उन्हात तयार झालं आहे, त्यासाठी वेगळा कोळसा खणावा लागला नाही. म्हणून ते खर्चात नाही. जगात उसाच्या इथेनॉलची कीर्ती आहे ती साखरेमुळे कमी, या चोथ्यामुळे जास्त.

उरलेल्या विजेपोटी टनाला ४० युनिट एवढंच जमेला धरायचं ठरवलं, कारण डिस्टिलरीला वाफ बरीच लागते. ८० टनांचे ३,२०० युनिट. युनिटला प्राथमिक ऊर्जा, म्हणजे वीज बनवतानाची तूटही धरून, ११.९३ मेगाज्यूल हाच गुणक. ३८.२ गिगाज्यूल. ही जमा वेगळ्या स्तंभात दाखवू, इथेनॉलमध्ये मिसळणार नाही.

२ जानेवारी २०२५

पाण्याची ओळ इतके दिवस कोरी होती. वीजबिल मिळवू म्हटलं, तर अश्वशक्तीवर आकारणी असलेल्या कृषिपंपांच्या बिलावर मोजलेले युनिट नसतातच. आणि गेल्या वर्षीच्या बळीराजा मोफत वीज योजनेपासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिलही नाही. विजेचा राज्यातला एवढा मोठा वापर आणि शेताच्या पातळीवर आकडा नाही!

माझी विद्यार्थिनी वाळवा तालुक्यातली. तिने काकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“काका, एका एकराला एक पाळी द्यायला किती वेळ लागतो?”

“आठ तास. एक लाइट जाती की त्यात.”

“आणि वर्षात पाळ्या किती?”

“पावसाळा सोडून धर की. उन्हाळ्यात आठवड्याला, थंडीत बारा-पंधरा दिसांनी. चोवीस-पंचवीस होत्यात.”

साडेसातची मोटर, आत घेणारी वीज ७ किलोवॉट धरली. एकराला १९२ तास, हेक्टरी ४७४ तास, सुमारे ३,३०० युनिट. आता पुस्तकी बाजूने: पाटपाण्याने हेक्टरी २०,००० घनमीटर, पाणी चढवायची एकूण उंची ३० मीटर, पंपसंचाची कार्यक्षमता ४० टक्के. येतात ४,०९० युनिट. काकांच्या तोंडी हिशेबातून आलेला आकडा पुस्तकाच्या इतका जवळ बसला याचा मला फार आनंद झाला. शेतकऱ्याला युनिट माहीत नसतील, पण तास पक्के माहीत असतात.

मग काका आपणहून म्हणाले, “आमचं विहिरीचं हाय, म्हणून एवढ्यात भागतंय. वर माळावरच्या लोकांचं दोन टप्प्यांत येतंय.”

६ जानेवारी

काकांच्या त्या शेवटच्या वाक्यावर आजचा दिवस गेला. ४,०९० युनिट म्हणजे ४८.८ गिगाज्यूल. खतं, डिझेल, औषधं, टँकर यांची बेरीज ३२.२. म्हणजे पाणी उचलायला लागणारी ऊर्जा इतर सगळ्या खर्चाच्या दीडपट. दर दहा मीटर उंचीला १६.३ गिगाज्यूल.

कोष्टकात फक्त उंची बदलत गेलो:

कालव्याचं पाणी आपसूक आलं, पंप नाही: गुणोत्तर ३.७.
३० मीटर: १.४७.
६० मीटर: ०.९१.

बरोबर एकला गुणोत्तर येतं ५३ मीटरला. त्याच्या वर पाणी चढवून ऊस केला आणि त्याचं इथेनॉल केलं, तर इथेनॉलमध्ये मिळते त्यापेक्षा जास्त खनिज ऊर्जा त्या शेतात ओतली गेलेली असते. बगॅसची जादा वीज जमेला धरली तर आकडे ४.९, १.९ आणि १.२ होतात आणि एकची रेषा ७७ मीटरच्या आसपास सरकते. सरकते, नाहीशी होत नाही.

ऊस तोच, जात तीच, कारखानाही तोच. फरक एवढाच की पाणी कुठून चढवलं. ‘उसाच्या इथेनॉलचं गुणोत्तर’ असा एक आकडा महाराष्ट्रासाठी देणं मला आता चुकीचं वाटतं. आकड्याशेजारी उंची लिहिलीच पाहिजे.

सांगली जिल्ह्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी अनेक टप्प्यांत वर चढवून दुष्काळी तालुक्यांना देतात. माणसांना, जनावरांना, ज्वारीला, द्राक्ष-डाळिंबाला ते पाणी मिळावं याबद्दल दुमत नाही. त्यासाठीच लोक वर्षानुवर्षे झगडले. पण तेच पाणी लावून पिकवलेल्या उसाला ‘हरित इंधन’ म्हणायचं असेल, तर आधी हा हिशेब मांडला गेला पाहिजे.

१४ जानेवारी

संक्रांत, प्रयोगशाळा बंद. घरी बसून परदेशी अभ्यास लावले.

कॉर्नेलचे डेव्हिड पिमेंटेल आणि बर्कलीचे टॅड पात्झेक यांनी २००५ मध्ये मांडलं की मक्याच्या इथेनॉलला त्यातून मिळते त्यापेक्षा २९ टक्के जास्त खनिज ऊर्जा लागते. त्याच सुमारास अमेरिकी कृषी खात्याचे शापुरी १.६७ गुणोत्तर सांगत होते. २००६ मध्ये बर्कलीच्या फॅरेल आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकाच साच्यात बसवून पाहिले. उरलेला चोथा जनावरांचं खाद्य म्हणून विकला जातो, त्याचं श्रेय धरलं की लिटरमागे ४ ते ९ मेगाज्यूल निव्वळ उरतात, असा त्यांचा निष्कर्ष. भांडण मक्यावरचं कमी, कुंपण कुठे घालायचं यावरचं जास्त होतं.

ब्राझीलच्या उसासाठी मासेडो आणि सहकाऱ्यांचा २००८ चा आकडा ९.३. आपल्याकडच्या भाषणांत ‘उसाला आठ-नऊपट ऊर्जा मिळते’ हे वाक्य तिथूनच येतं. पण साओ पाउलोकडचा ऊस बहुतांश पावसावर वाढतो आणि नत्रही आपल्या निम्म्याहून कमी घेतो. आमच्या कोष्टकात पंप शून्य आणि नत्र निम्मं केलं की वीज धरून गुणोत्तर सहाच्या पुढे जातं, म्हणजे साचा ठीक आहे. उसना घेता येत नाही तो पाऊस.

१ फेब्रुवारी

मका थोडक्यात. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यामुळे रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि त्या पुरवठा वर्षी मका हा देशातला इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत झाला. टनाला ३८० लिटर. हेक्टरी ३.३ टन आणि शेतीचा खर्च १३ गिगाज्यूल धरला तर लिटरमागे १०.४ मेगाज्यूल शेतातच. मक्याला बगॅस नाही. वाफ कोळशावर केली (चोथा वाळवण्यासकट लिटरला ४ किलो) तर आणखी १३.५. एकूण २३.९, आणि हातात २१.२. चोथ्याचं खाद्य होतं, त्याचा वाटा ऊर्जेच्या प्रमाणात वजा केला की गुणोत्तर १.४५ पर्यंत येतं. बॉयलरला भाताचं तूस घातलं तर चोथा न धरताही दोनवर. इथे प्रश्न उंचीचा नाही, भट्टीत काय जातं याचा आहे.

मोगली एरंडाचं (जट्रोफा, ज्याच्या बियांपासून बायोडिझेल करतात) वेगळं पान करायचं होतं. २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालापासून पडीक जमिनीवर त्याचे मोठे बेत झाले, पण पडीक जमिनीत उत्पन्नच आलं नाही. त्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. सोडून दिलं.

११ फेब्रुवारी

ठिबक. आम्हाला वाटलं होतं पाणी निम्मं म्हणजे वीज निम्मी. तसं होत नाही. गाळण यंत्र आणि नळ्यांतला दाब मिळून पंधरा मीटर जादा उंची धरावी लागते. १०,००० घनमीटर, ४५ मीटर: ३,०६६ युनिट. म्हणजे बचत निम्मी नव्हे, पाव. गुणोत्तर १.४७ वरून १.७३. पण पाणी मुळातच फार उंच चढवावं लागत असेल तर हा दाब फार जाणवत नाही: ६० मीटरला ठिबक केलं तर ०.९१ वरून १.२७ होतं. एकच्या खालचं शेत एकच्या वर येतं. म्हणून ठिबकचं अनुदान आधी माळावर जावं, नदीकाठी नंतर, असं आम्ही अहवालात स्पष्ट लिहिणार आहोत. सौरपंप आला तर खनिज खर्च आणखी घटतो, तो स्तंभही जोडला.

१८ फेब्रुवारी

विद्यार्थ्याचा प्रश्न: ती पंपाची वीज थेट गाडीत घातली तर? पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी इथेनॉलवर १० जाईल. हेक्टरचे ५,६०० लिटर म्हणजे ५६,००० किलोमीटर. ६० मीटरच्या शेतात पंपाला लागतात ८,१८० युनिट. विजेची गाडी युनिटला ६ किलोमीटर धरली तर ४९,०००. जमीन, बारा गोण्या युरिया, तोडणी, बॉयलर, टँकर यातलं काहीही न करता.

काकांचा विद्यार्थिनीला फोन होता, त्यांच्या शेताचा आकडा काय आला म्हणून. विहिरीवरचे ३,३०० युनिट धरून १.६६, वीज धरली तर २.२. तिने सांगितलं. त्यांनी लगेच माळावरच्या भावकीचा विचारला आणि तिथल्या दोन्ही टप्प्यांची उंची उपसा सिंचन संस्थेच्या कार्यालयातून आणून देतो म्हणाले. कोष्टकात त्या शेतासाठी ओळ मोकळी ठेवली आहे. जिल्ह्यातल्या उपसा योजनांच्या टप्पावार उंचीचे आकडे मागणारं पत्रही आज विभागाच्या सहीने रवाना केलं.